कांडी नंबर चारवरची बोटं

“मॅडम, चार नंबरची कांडी बाकीच्यांसारखी वागत नाहीये,” देशपांडे फोनवर म्हणाले.

“म्हणजे काय करतेय?”

“बाकीच्या आक्रसल्या. ही पण आक्रसली. पण हिच्या अंगावर काहीतरी उगवलंय.”

देशपांडे एका संशोधन संस्थेत आहेत. रिअॅक्टरमधून बाहेर काढलेले ग्रॅफाइटचे नमुने ते मोजतात. गृहस्थ आकड्यांत बोलणारा. ‘उगवलंय’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मी पेणला माझ्या घरी सकाळचा दुसरा चहा घेत होते, तो तसाच निवला.

आधी कांडी म्हणजे काय ते सांगते. ग्रॅफाइट म्हणजे आपल्या पेन्सिलीतलं शिसं. त्याचाच अतिशुद्ध, ठोकळ्यांसारखा घडवलेला प्रकार काही अणुभट्ट्यांमध्ये वापरतात. तिथले न्यूट्रॉन फार जोरात पळतात, ग्रॅफाइट त्यांचा वेग कमी करतं. हे करताना ते स्वतः मार खातं. किती मार सोसेल हे आधी कळावं म्हणून त्याच ठोकळ्यातून बोटभर लांबीच्या कांड्या कापतात. त्या मोजायच्या, रिअॅक्टरमध्ये ठेवायच्या, बऱ्याच काळाने बाहेर काढायच्या आणि पुन्हा मोजायच्या. माझी सगळी नोकरी या दुसऱ्या मोजण्यात गेली. आता निवृत्त झाले आहे आणि रोह्याच्या एमआयडीसीत ग्रॅफाइट कापणाऱ्या एका वर्कशॉपला सल्ला देते. या कांड्या त्याच वर्कशॉपने कापल्या होत्या, मी तिथे जायला लागण्याच्या आधी.

मार खाल्ल्यावर ग्रॅफाइटचं काय होतं, हे पेणमध्ये पापडांनी समजावता येतं. पोह्याच्या पापडांची चवड डोळ्यांसमोर आणा. ग्रॅफाइटचे अणू असेच थरांत बसलेले असतात. न्यूट्रॉन येतो आणि एखाद्या पापडातला कण उडवतो. तो कण दोन पापडांच्या मध्ये जाऊन अडकतो. असे पुष्कळ कण अडकले की चवड उंच होते. आणि ज्या पापडांतले कण उडाले ते भोकं बुजवता बुजवता आक्रसतात. एकाच वस्तूत एका दिशेने वाढ आणि दुसऱ्या दिशेने घट.

बाहेरून मात्र आधी फक्त घट दिसते. कारण या चवडींच्या मध्ये बारीक भेगा असतात आणि सुरुवातीची वाढ त्या गिळून टाकतात. हळूहळू भेगा भरतात. मग वाढीला आत जागा उरत नाही आणि कांडी फुगायला लागते. या वळणाला आमच्यात टर्नअराउंड म्हणतात. त्यानंतर नव्या भेगा पडतात, आणि शेवटी ती वस्तू ठिसूळ होऊन विस्कटते. रंग तोच, चकाकी तीच, कुणी शिवलेलंही नाही. निर्जीव वस्तूने आपणहून अंग चोरावं आणि मग अंग फुगवावं, हे इतकी वर्षं बघूनही मला पूर्ण सवयीचं झालेलं नाही. थोडी भीती वाटतेच.

“उगवलंय म्हणजे नक्की काय?” मी विचारलं.

“उंचवटे आहेत. एका बाजूला एक मोठा, लांबट. समोरच्या बाजूला दोन आणि त्यांच्या शेजारी एक बारका ठिपका. केसापेक्षा कमी उंचीचे, पण कडा साफ आहेत. बाकीची कांडी अजून आक्रसण्याच्या टप्प्यात आहे. तेवढ्याच जागा टर्नअराउंड ओलांडून फुगल्यात.”

म्हणजे त्या जागांनी शेजारच्या ग्रॅफाइटपेक्षा जास्त मार खाल्ला होता. एकाच कांडीचा काही भाग बाकीच्या अंगापेक्षा आधी म्हातारा झाला होता. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

“दोष ठोकळ्यात असेल तर सगळा लॉट परत जाईल,” देशपांडे म्हणाले. “तोवर मी माल होल्डवर टाकलाय. कारण शोधा. मी तुम्हाला प्रतिकृती पाठवतो, बघा काही सुचतंय का.”

खरी कांडी कुणाला पाठवता येत नाही. ती किरणोत्सारी असते. जाड भिंतींच्या बंद खोलीत राहते, माणूस शिशाच्या काचेतून बघतो आणि यांत्रिक हातांनी तिला उचलतो. पण तिच्या पृष्ठभागाची मापं कॉम्प्युटरला दिली की थ्रीडी प्रिंटर तशीच प्लॅस्टिकची कांडी बनवून देतो. उंचवटे मुद्दाम बरेच मोठे करून छापतात, म्हणजे बोटांना कळतात.

कुरिअर तिसऱ्या दिवशी दुपारी आलं. पांढरी कांडी, अंगठ्याएवढी जाड. उन्हाला धरून बघितली, काही कळेना. एका बाजूचा उंचवटा बोराच्या आकाराचा. समोर दोन, थोडे लहान. ठिपका तर जेमतेम. ती खिडकीत उभी करून ठेवली आणि भांडी आवरायला गेले. परत येऊन सहज उचलली.

माझा अंगठा मोठ्या उंचवट्यावर पडला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही समोरच्या दोन उंचवट्यांवर. अगदी नेमकी, जणू जागा राखून ठेवलेली. फक्त तर्जनी मोकळी राहिली. तिच्या जागी तो बारका ठिपका होता.

मी कांडी खाली ठेवली. भरदुपारी, रस्त्यावर रिक्षांचा आवाज चालू असताना माझ्या अंगावर काटा आला. कुणीतरी ती कांडी हातात धरली होती. मग ती रिअॅक्टरमध्ये गेली आणि तिथे, जिथे माणूस जाऊ शकत नाही, तिथे त्याची बोटं वर आली होती.

मग देशपांड्यांनी पाठवलेले बाकीच्या कांड्यांचे रिपोर्ट उघडले. देशपांड्यांना फक्त चार नंबर दिसला होता, कारण तो डोळ्यांत भरत होता. पाच नंबरवर नीट शोधलं तर त्याच जागी पुसट उंचवटे होते. सहावर काही नाही. एक, दोन, तीन साफ.

ठोकळ्यात दोष असता तर तो असा एका कांडीवर अवतरून पुढच्या कांडीवर ओसरला नसता. हाताला काहीतरी लागलं होतं. चार नंबरने ते बहुतेक पुसून घेतलं, पाच नंबरने उरलंसुरलं. एवढं कळल्यावर भीती जरा कमी झाली. कारण असलं की मला बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी पेणहून रोह्याची गाडी पकडली. कासू, नागोठणं कधी गेलं मला कळलं नाही. प्रतिकृती पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली होती आणि मी पर्स मांडीवर घेतली नव्हती, शेजारी ठेवली होती.

वर्कशॉपचे मालक प्रशांत शेठ दारातच भेटले. चाळिशीचा माणूस, बोलायला गोड, कातडी वाचवण्यात हुशार.

“मॅडम, माझं डोकं बंद झालंय. एवढी मोठी ऑर्डर. ठोकळे कापून तयार आहेत.”

“ठोकळे चांगले असावेत असं वाटतंय. कांड्या शेवटच्या कुणी मोजल्या?”

“ते गायकरला विचारा.”

गायकर फोरमन. जिते गावचा माणूस, लेथवर उभं आयुष्य काढलेला. मी मशीनच्या बाजूला रुमाल उलगडला आणि काही न सांगता प्रतिकृती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन-तीनदा फिरवली. मग त्यांची बोटं त्या जागांवर गेली आणि थांबली. तर्जनी त्यांनी हळूच वाकवून घेतली, टोक त्या ठिपक्याला टेकवलं.

त्यांनी कांडी मशीनवर ठेवली आणि हात पँटला पुसला.

“असं कोण धरतं, गायकर?”

“रामदास.”

“बोलवा त्याला.”

“बोलावून येनार नाय, मॅडम. गेला तो.”

रामदास म्हात्रे गडब गावचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. आधीच्या कंपनीत पॉवर प्रेसमध्ये त्याच्या उजव्या तर्जनीचं पेर गेलं होतं. तरी या वर्कशॉपमध्ये मोजायला त्याच्यासारखा हात दुसरा नव्हता, असं गायकर म्हणाले. कांड्या पाठवल्या आणि काही महिन्यांनी एका रविवारी तो घरी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. पन्नाशीही गाठली नव्हती. त्याची बायको सुनंदा आता पॅकिंगला आहे. तिला त्याच्या जागेवर घेतलंय, अजून कायम केलेलं नाही.

मी मनातल्या मनात हिशेब केला. तो गेला तेव्हा कांड्या रिअॅक्टरमध्ये होत्या. घरचे त्याचे दिवस करत होते तेव्हा तिकडे ही बोटं वाढत होती. हे मी मोठ्याने बोलले नाही. पण गायकरांनी तोच हिशेब केला असावा, कारण ते म्हणाले, “मॅडम, ह्याला काय म्हनायचां?”

“अजून काही म्हणायचं नाही. तीन नंबर मोजून झाला आणि चार नंबर मोजायला घेतला, त्याच्या मध्ये काय झालं ते आठवा.”

त्यांना आठवावं लागलं नाही. “जेवनाची सुट्टी. तीन सकाली झाल्या, तीन जेवल्यावर.”

“सुट्टीत काय करता तुम्ही?”

उत्तर द्यायच्या ऐवजी ते मला मोजमापाच्या खोलीकडे घेऊन गेले. ग्रॅफाइट मोजायला स्थिर तापमान लागतं, म्हणून या खोलीत एसी आहे. अख्ख्या वर्कशॉपमध्ये काळी भुकटी उडते, ही एकच खोली स्वच्छ. जेवणाची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. आत चार जण स्टुलांवर बसले होते आणि मोजमापाच्या टेबलावर, ग्रॅनाइटच्या सपाट दगडावर, कॅरम बोर्ड मांडलेला होता. एकाने डबीतली पांढरी पावडर बोर्डावर भुरभुरली आणि तळहाताने पसरली.

मी दारातच उभी राहिले. कॅरमची ती पावडर म्हणजे बोरिक पावडर. बोरिक म्हणजे बोरॉन. आणि अणुभट्टीच्या ग्रॅफाइटला जगात एका गोष्टीचं वावडं असेल तर ते बोरॉनचं.

का, ते सांगते. बोरॉन न्यूट्रॉन गिळतं आणि गिळल्यावर फुटतं. त्याचे दोन तुकडे होतात, एक हेलियमचा आणि एक लिथियमचा. ते शेजारच्या कार्बनला जोरात धडकतात. म्हणजे पापडांमधले कण न्यूट्रॉन उडवतो ते वेगळे आणि हे दोन तुकडे उडवतात ते वेगळे. ग्रॅफाइट सच्छिद्र असतं. बोटाची पावडर त्याला लागली, रिअॅक्टरच्या उष्णतेने ती वितळली आणि जागच्या जागी आत मुरली. मग तेवढीच जागा दुप्पट वेगाने म्हातारी झाली.

“हा बोर्ड इथे कधीपासून?” मी विचारलं.

खेळणाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. गायकर म्हणाले, “रामदास खेलायचा तवापासून. बाहेर पत्र्याखाली लय तापतां. शेठ बोलले, आत खेला. शेठपन येतात कधीमधी.”

खात्री करणं गरजेचं होतं. प्रयोगशाळेत नमुने पाठवले, पण त्या दिवशीच काहीतरी दाखवायला हवं होतं. बोरिकची एक जुनी परीक्षा आहे, तिला हळद लागते. टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायचा, त्याच्या पट्टीने जागा पुसायची, त्यावर विरल अॅसिडचा थेंब टाकायचा आणि सुकू द्यायचं. बोरिक असेल तर पिवळ्याचं लाल होतं. हळद समोरच्या टपरीवरून आणली. अॅसिडला रोह्याच्या एमआयडीसीत काय तोटा.

“पन मॅडम, हळद चुन्याने पन लाल होते,” गायकर म्हणाले. “हितं सगले तंबाकू मलतात.”

“म्हणून तर अॅसिड. चुन्याचा लाल रंग अॅसिडने जातो. बोरिकचा जात नाही.”

टेबल पुसलं. दाराची मूठ पुसली. मायक्रोमीटरचा दट्ट्या पुसला, स्टुलं पुसली, एसीचा रिमोट पुसला. शेठ केबिनमध्ये नव्हते, त्यांच्या खुर्चीचा हातही पुसून घेतला. पट्ट्या खिडकीच्या कठड्यावर ओळीने सुकत घातल्या. सगळे मागे उभे राहून बघत होते. थोड्या वेळाने टेबलाची पट्टी कडेने लालसर व्हायला लागली. मग मुठीची. मग रिमोटची. एका मागून एक पट्टीत हळदीचं कुंकू होत होतं.

कपाटात एक जुनी मायक्रोमीटरची पेटी होती. ती रामदासची, तो गेल्यापासून कुणी वापरली नव्हती, असं गायकर म्हणाले. झाकणावर जिथे अंगठा पडतो ती जागा मी पुसली. ती पट्टी सगळ्यांत शेवटी ठेवली होती. सगळ्यांत लाल तीच झाली. खेळणाऱ्यांपैकी दोघे तेवढ्यात बाहेर निघून गेले आणि संध्याकाळपर्यंत त्या खोलीत आले नाहीत.

“पण ग्लोव्ह्ज होते ना?” मी विचारलं. “कांड्या ग्लोव्ह्ज घालून हाताळायच्या हे तर लिहिलेलं आहे.”

“होते. पन रामदासच्या ग्लोव्हचा ह्यो बोट रिकामा लोंबायचा,” गायकरांनी आपली तर्जनी दाखवली. “मोजताना मायक्रोमीटरच्या मधे यायचा, माप चुकायचां. त्याने सांगितलेलां, मापाचा शिवून द्या. कोनी मनावर नाय घेतलां. मंग तो एका हाताचा काढून ठेवायचा.”

चुकीचं माप देण्यापेक्षा त्याने ग्लोव्ह काढला होता. मला त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. मीही बहुधा तेच केलं असतं.

प्रशांत शेठना मी केबिनमध्ये सगळं सांगितलं. आधी त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. ठोकळ्यांत दोष नाही, म्हणजे ऑर्डर वाचली. मग खुर्ची पुढे ओढली.

“म्हणजे रामदासची चूक.”

“रामदासचा हात. चूक कुणाची ते वेगळं.”

“मॅडम, क्लायंटला जबाबदार माणसाचं नाव लागतं आणि आम्ही काय अॅक्शन घेतली ते लागतं. नाव आपल्याकडे आहे. आणि तसंही त्या मिठागरवाल्यांच्या हाताला कायम मीठ—”

“मिठाने हे होत नाही. आणि सकाळच्या तीन कांड्यांनाही तोच हात लागला होता.”

“बरं, राहू द्या ते. पण जो माणूस गेलाय, त्याचं नाव लिहिलं तर त्याला काय फरक पडतो?”

“त्याच्या बायकोला पडेल.”

शेठनी पेन फिरवलं. “ते पण बघावं लागेल. ज्याच्यामुळे ऑर्डर अडकली त्याच्याच घरच्याला मी या महिन्यात कायम केलं, तर क्लायंट म्हणेल ही कसली अॅक्शन. तिला दुसरीकडे कुठे तरी लावून देऊ.”

‘कुठे तरी’ म्हणजे कुठेच नाही, हे सांगायला मला सल्लागार असण्याची गरज नव्हती. मी रागाने लाल झाले. मनात एक सोपा मार्ग आला होता. रिपोर्टमध्ये ‘अज्ञात व्यक्तीच्या हाताळणीमुळे’ असं लिहायचं. बोटं कुणाची हे प्लॅस्टिक बघून संस्थेत कुणाला कळणार होतं? विषय संपला असता.

बाहेर नळापाशी सुनंदा उभी होती. बारीक चणीची बाई, साडीवर कंपनीचा निळा अॅप्रन. बातमी तिच्यापर्यंत पोचायची राहिली नव्हतीच.

“मॅडम, ती बोटां माना दावाल?”

मी म्हटलं, “सुनंदाबाई, ती कुणाची आहेत ते अजून नक्की नाही.”

“दावा तर.”

मी रुमाल उलगडला. तिने अॅप्रनला हात कोरडे केले आणि कांडी घेतली. माझ्यासारखी वरून धरली नाही. तिने आपलं एकेक बोट एकेका उंचवट्याला समोरून टेकवलं, टोकाला टोक, जसं कुणाचा हात हातात घेताना होतं. मग तर्जनीच्या जागचा ठिपका अंगठ्याने चाचपला. बराच वेळ चाचपला.

“ह्यांचीच हायत,” ती म्हणाली.

“मी रिपोर्टात नाव लिहिणार नाही. कुणाची ते ओळखता आलं नाही असं लिहीन. तुम्हाला त्रास होणार नाही.”

तिने मान वर केली. “नाय ओ मॅडम. असां नको. त्यांचा हात हाय तर त्यांचाच लिवा. कोना दुसऱ्याचा झाला तर?”

“नोकरीचं काय?”

“ती ऱ्हायली तर बरां. घरात दुसरा कमावनारा नाय.” तिने कांडी माझ्या हातात परत ठेवली. “पन त्यांचा हात नाय, असां मी नाय बोलनार.”

माझा सोपा मार्ग तिथेच बंद झाला. आता खरंच लिहायचं होतं, आणि पूर्ण लिहायचं होतं. मी गायकरांच्या टेबलावर बसून रिपोर्ट केला. कांडी रामदास म्हात्रे यांनी हाताळली. बोटांना बोरिक पावडर होती, कारण कॅरम बोर्ड मोजमापाच्या खोलीत होता. बोर्ड तिथे होता, कारण तसं व्यवस्थापनाने सांगितलं होतं. ग्लोव्ह घातला नव्हता, कारण त्यांच्या हाताच्या मापाचा ग्लोव्ह मागूनही दिला नव्हता. खाली खोलीच्या जबाबदार अधिकाऱ्याच्या, म्हणजे शेठच्याच, सहीची जागा सोडली.

शेठनी वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. “हे असं नाही पाठवता येणार.”

“मग नावं गाळा सगळ्यांचीच. रामदासचंही आणि तुमचंही.”

“चालेल.”

“तुम्हाला चालेल. देशपांड्यांना नाही चालणार. कारण सापडलं नाही तर ते माल होल्डवरून काढणार नाहीत. आणि कारण सांगायचं तर पट्ट्या दाखवाव्या लागतील. तुमच्या खुर्चीच्या हाताची पट्टी पण लाल झालीय.”

त्यांनी नकळत हात खुर्चीवरून उचलला.

“बरं, सही केली तर?”

“तर चूक खोलीची होती आणि खोली सुधारली, असं दिसेल. हीच अॅक्शन. मग सुनंदाबाईंना काढायचं कारण शोधायला तुम्हाला दुसरा रिपोर्ट लिहावा लागेल. तो मी लिहिणार नाही.”

त्यांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं आणि सही केली. माणूस वाईट नव्हता. कुणी समोर उभं राहिलं की बरोबर वागायचा, नाही राहिलं की सोयीने.

पुढचं थोडक्यात सांगते. देशपांड्यांनी त्या उंचवट्यांच्या जागी लिथियम शोधलं. बोरॉन जळून गेलं तरी लिथियम मागे राहतं. ते तिथेच सापडलं, शेजारी नाही. प्रयोगशाळेने तयार ठोकळ्यांचे तुकडे तपासले, त्यांत बोरॉन नव्हतं. माल होल्डवरून निघाला. कॅरम बोर्ड बाहेर गेला आणि पत्र्याखाली दोन पंखे लागले. मोजमापाची खोली धुऊन काढली. सुनंदा महिनाअखेर कायम झाली आणि तिने पॅकिंग सोडून मोजमापाच्या खोलीच्या दाराशी काम मागून घेतलं. आत जाणाऱ्याने हात धुतले का, ग्लोव्ह्ज मापाचे आहेत का, हे ती बघते.

कायम झाल्याचं पत्र मिळालं त्या दिवशी ती माझ्याकडे आली.

“मॅडम, ती खरी कांडी कुटं हाय आता?”

“शिशाच्या पेटीत. संस्थेतच.”

“माना बगाया भेटंल?”

“नाही. जवळ जाता येत नाही. कुणालाच हात लावता येत नाही.”

“फेकनार का ती?”

“फेकताही येत नाही. जपूनच ठेवावी लागते. तुमच्या-माझ्या मागे सुद्धा. आपल्या नातवंडांच्या मागे सुद्धा.”

मला वाटलं, मी उगाच एवढं सांगितलं.

“सगला जालला आमी त्यांचा,” ती म्हणाली. “काय नाय ठेवलां. ह्यो हात तेवडा ऱ्हायला.”

प्रतिकृती पर्समध्येच होती, ती मी तिला दिली. तिने ती अॅप्रनच्या खिशात ठेवली आणि कामाला गेली.

धडा म्हणाल तर फार मोठा नाही. ग्रॅफाइटला उघड्या हाताने शिवू नये, आणि ज्याला ग्लोव्ह बसत नाही त्याला बसेल असा शिवून द्यावा. वर्कशॉपमध्ये नवीन माणूस आला की मी त्याला एवढंच सांगते. का, असं विचारलं तर दाराशी बसलेल्या सुनंदाकडे पाठवते. ती खिशातून कांडी काढून त्याच्या हातात देते. दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही.